तिसऱ्या ओळीतली बाई

भिलईत झाडीकडच्या लोकांच्या घरी कोणी टेप मागायला गेलं, की घरधनी आधी विचारायचा, “कोंबडावाली पाहिजे का इंजिनवाली?” नव्या माणसाला वाटायचं, आपण खुळ्यांच्या घरी तर नाही ना आलो. पण त्यात खूळ काही नव्हतं. गाणं एकच, शाहीर एकच, नागपूर रेडिओवर एकदाच लागलेलं. घरोघरी त्याची नक्कल झाली आणि ज्याच्या त्याच्या घरचा आवाज तीत घुसला. आमच्या सेक्टरमधल्या नकलेत शेजारचा कोंबडा आरवतो, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतल्या नकलेत शंटिंगचं इंजिन शिट्टी मारतं. मात्र एक आवाज सगळ्याच नकलांत सापडायचा. गाण्याच्या तिसऱ्या ओळीला एक बाई गायची. ती कोण, यावरून सुपेल्याच्या बाजारात चहाच्या पैजा लागत. मला ठाऊक होतं ती कोण. ती माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि ती ओळ गायली तेव्हा चवळीच्या शेंगा मोडत बसली होती.

तिचं नाव मथुरा. माहेर चूलबंद नदीच्या काठचं सावरटोली, भंडाऱ्याच्या पूर्वेला जिथून दाट जंगल लागतं तिथलं. त्या सगळ्या मुलखाला आम्ही झाडी म्हणतो. भिलईच्या पोलाद कारखान्याचा पाया खणत होते तेव्हा नवरा-बायको दोघं कामाला आले. चिंधू कुदळ मारायचा आणि मथुरा रेजा म्हणून डोक्यावरून माती वाहायची. पुढे चिंधू कोक ओव्हनमध्ये पक्का झाला, क्वार्टर मिळालं आणि मथुराच्या डोक्यावरचं घमेलं उतरलं. तरी कारखान्याची चिमणी दिसली की ती बोट दाखवून म्हणायची, “त्याच्या खालची माती माह्या डोक्यावरून गेली, ताई.” जणू चिमणी तिनंच उभी केली होती. मी कधी तिला खोडून काढलं नाही, कारण ती म्हणत होती ते खरंच होतं.

आम्ही नागपूरकडचे रेल्वेवाले. माझा भाऊ गुलाबराव दुर्ग लाईनवर गार्ड आणि नवरा कारखान्याच्या ऑफिसात. आम्हाला नाटकाची आवड, झाडीतल्या गंमतीच्या खेळांना आम्ही नाक मुरडणारे. त्यामुळे शेजारी राहायला आल्यावर पहिले काही महिने मला मथुराची काही विशेष ओळख झाली नाही. एवढंच लक्षात आलं होतं की ही बाई भांडी घासताना काहीतरी गुणगुणते आणि माझ्या चपलांचा आवाज ऐकला की गप्प होते. एकदा मी चपला हातात घेऊन गेले. तेव्हा कळलं की गुणगुणणं नाही ते, पुरतं गाणं आहे, आणि आवाज असा की मी दारातच उभी राहिले. मला पाहून तिनं जीभ चावली. म्हणाली, कोणाला सांगू नका.

त्याचं कारण तिचा बाप. सुखराम शाहीर म्हणजे सावरटोलीच्या खडी गंमतीचा राजा. खडी गंमत म्हणजे तिकडचा उभ्यानं करायचा तमाशा समजा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते तेव्हा शाहीर डफ घेऊन उभा राहतो, मागे टुणटुणं आणि ओळी उचलून धरणारे झीलकरी. त्यात बायकांचं सोंग पुरुषच घेतात. सुखरामबुवांची तालीम गोठ्यात चालायची आणि लहानगी मथुरा गोठ्याच्या मागच्या कुडाला कान लावून बसायची. बापाची सारी गाणी तिला पाठ झाली. एकदा विहिरीवर ती मोकळ्या गळ्यानं गायली, तर बाप घरी आल्यावर एवढंच म्हणाला की बाईचा आवाज अंगणाच्या बाहेर जाता कामा नये. हे सांगणारा माणूस स्वतः रात्रभर बाईच्या तोंडची गाणी मिशा काढलेल्या बाप्यांकडून गाऊन घ्यायचा, तेव्हा त्याला काही वाटत नसे. मला हे ऐकून असा संताप आला होता, पण मथुराला नाही. तिचा बापावर फार जीव.

त्या बापानं मात्र लेकीच्या घरी पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्याचा राग लेकीवर नव्हता, भिलईवर होता. गावातली तरणी पोरं एकेक करून कारखान्यात गेली, त्यात त्याचे झीलकरी होते आणि त्यांचा म्होरक्या खुद्द जावई. चिंधूचं काम मोठं होतं. शाहीर ओळ विसरला तर मागून ती हळूच पुढे सरकवायची, लोकांना पत्ता लागू द्यायचा नाही. तो गेल्यावर सुखरामबुवांच्या मागे दोन म्हातारे उरले, एकाला ऐकू कमी यायचं आणि दुसऱ्याला दमा. “माहे झीलकरी त्या भट्टीनं खाल्ले,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आणि अशात सावरटोलीहून निरोप आला की बुवा नागपूर रेडिओवर गाणार आहेत. झाडीकडच्या लोकांच्या अंगात आलं. चिंधूनं नवाच रेडिओ घेतला होता, त्यामुळे गाणं त्याच्याकडेच ऐकायचं ठरलं. आणि देवीदास म्हणाला, नुसतं ऐकायचं नाही, पकडून ठेवायचं.

हा देवीदास चिंधू आणि मथुरासारखाच सावरटोलीचा, मिलमध्ये क्रेनवर होता. त्याचा रशियन साहेब मायदेशी परतला तेव्हा घरातलं सामान विकून गेला, त्यातली टेप रेकॉर्डरची मशीन देवीदासनं घेतली. ट्रंकेएवढी, दोघांनी उचलावी अशी, वर दोन रिळं फिरायची. मशीन आल्यापासून देवीदास जमिनीवर चालत नव्हता. बायकोचा आवाज भरून तिलाच ऐकवायचा आणि ती रागावली की तो रागही भरून ठेवायचा.

त्या संध्याकाळी त्यानं चिंधूच्या घराचा ताबाच घेतला. रेडिओ टेबलावर, त्याच्यापुढे उशीवर माईक, खिडक्या बंद. सगळ्यांना खाली बसवून त्यानं नियम सांगितले. खोकायचं नाही, वाहवा करायची नाही, बांगड्या वाजवायच्या नाहीत. मला आणि मथुराला त्यानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बसवलं आणि वरून म्हणाला की बायांनो, तुम्ही तेवढं तोंड बंद ठेवा. मला त्याचे कान उपटावेसे वाटले. मथुरा निमूटपणे शेंगा घेऊन बसली, हातांना काही काम असलं की जिवाची धडधड कमी होते म्हणाली.

नागपूर स्टेशन भिलईत खरखर करतच यायचं, पण त्या दिवशी दैव बरं होतं. निवेदकानं नाव घेतलं, डफ वाजला आणि सुखरामबुवांचा आवाज खोलीत आला. मी नाक मुरडणारी बाई, माझ्याही अंगावर काटा आला. चिंधूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नियमाला घाबरून तो नाकसुद्धा ओढत नव्हता. दोन गाणी झाली आणि बुवांनी त्यांचं ठेवणीतलं गाणं धरलं. नदीला पूर, होडी पलीकडे आणि अलीकडे एक बाई उभी:

चूलबंद भरली दोनी थडी,
पैल्या थडीले बांधली होडी…

आणि बुवा थांबले. डफ वाजत राहिला, टुणटुणं वाजत राहिलं, आवाजच नाही. मागच्या दोन म्हाताऱ्यांना काही सुचलं नाही. चिंधूचे ओठ हलले, पण तो नागपूरपासून इतका लांब बसला होता आणि समोर देवीदास बोट उगारून होता. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला:

हाक मारू मी कोन्या नावानं…

मथुरानं मान वरही केली नव्हती. हातातली शेंग मोडता मोडता ती गायली, तालात, बापाच्या पट्टीत. रिकामी ओळ तिला बघवली नसावी, एवढंच. आणि ओळ संपते न संपते तोच रेडिओत बुवांना पुढची सापडली:

अल्याड कोन गा आनील होडी!

पुढचं सगळं सुरळीत झालं. कार्यक्रम संपला, देवीदासनं बटण दाबलं आणि जो काही भडकला म्हणता! सत्यानाश केला वहिनी तुम्ही, हरामखोर नागपूर असं साफ रोज रोज लागत नाही, आता हे बाईचं मध्येच आलेलं कोण ऐकणार. मथुरा रडवेली झाली. मीच म्हटलं, आधी लावून तर पाहा.

लावलं. शेंगांची कटकट ऐकू आली, डफ आला, बुवा आले. दोन ओळी त्यांच्या, तिसरी हिची, चौथी पुन्हा त्यांची. ऐकताना वाटत होतं की गाणं असंच बांधलेलं आहे. शाहीर नदीची हकीकत सांगतो आणि काठावरची बाई स्वतःच्या तोंडानं हाक मारते. फट कुठेच नाही. देवीदासनं तीनदा ऐकलं आणि मग म्हणाला, “असू द्या, एवढं काही वाईट नाही झालं.” देवीदासच्या तोंडून इतकं निघणं म्हणजे फारच झालं.

दुसऱ्याच आठवड्यात लोक यायला लागले. आम्हाला पण द्या, आम्ही तिकडचेच. नक्कल करायला दुसरी मशीन लागते, ती सुपेल्याच्या भय्याजींकडे होती. लग्नाकार्याला भोंगे-माईक भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा. जोडायची तार कोणाकडेच नव्हती, म्हणून एका मशीनच्या तोंडाशी दुसरीचा माईक धरायचा आणि साऱ्या घरानं श्वास रोखायचा. पण कोंबड्याला कोण सांगणार! दुर्गला गुलाबरावाच्या घरी नक्कल केली तेव्हा त्यानं शंटिंगवाल्यांना विनवून ठेवलं होतं, तरी एकानं शिट्टी मारलीच. मग लोक हेही प्रेमानं ऐकायला लागले. कोंबडा कधी आरवतो हे पोरांना पाठ झालं आणि ती त्याच्या आधीच आरवायची.

गुलाबराव गार्ड असल्यानं रिळं त्याच्या डब्यातून राजनांदगाव, डोंगरगड, पार गोंदियापर्यंत गेली. जिथं झाडीचा माणूस आणि जवळपास मशीन, तिथं गाणं. आणि सगळीकडे एकच वाद. खडी गंमतीत बाई कशी? कोणी म्हणे नागपूरची कलावंतीण बोलावली असेल. कोणी म्हणे बाई नाहीच, बारीक आवाजाचा बाप्या आहे. ज्यांनी रेडिओवर स्वतः ऐकलं होतं ते सांगत की त्या वेळी बाई नव्हती, बुवा अडखळले होते. पण टेप पुढ्यात वाजत असताना त्यांचं कोण ऐकतो? त्यांनाही हळूहळू वाटायला लागलं की आपल्याच रेडिओत काही बिघाड होता.

मथुराची मात्र झोप उडाली. चिंधूला, देवीदासला, मला, तिनं सगळ्यांना शपथ घातली. अंगणाबाहेर न जाणारा आवाज गोंदियापर्यंत जाऊन आला होता, बापाच्या दारापासून दोन-चार स्टेशनं अलीकडे.

मग दिवाळी झाली आणि सावरटोलीची बातमी आली. मंडई भरली, पण सुखरामबुवा उभे राहिले नाहीत. नागपूरहून आले त्या दिवशी त्यांनी डफ खुंटीला लावला तो काढलाच नव्हता. साऱ्या मुलखानं माझी चूक ऐकली, आता कोणत्या तोंडानं गाऊ, म्हणाले. घरात बोलत नव्हते, जेवण तोडलं होतं. हा निरोप ऐकून मथुरा माझ्याकडे येऊन बसली.

“बा म्हनते का साऱ्यायनं चूक आयकली,” ती म्हणाली. “आन इथं तं कोनालेच मालूम नाही का चूक झाली.”

“मंग सांग ना त्याले.”

“कसं सांगू? चूक कावून आयकू येत नाही, ते बी सांगा लागन. टेप नेली तं माहा आवाज संगं जाते.”

“जाऊ दे गेला तं.”

“तुमचं काय जाते म्हनायले, ताई. तो तुमचा बा नाही.”

मी चहा टाकला. बाप बरा होईल असं औषध तिच्याजवळ होतं आणि ते दिलं की बापाच्या मनातून आपण उतरू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चहा तिनं घेतलाच नाही. उठताना म्हणाली, “ज्याच्या भेवानं मी गात नव्हती, तोच गायचा बंद झाला. आता मी लपवून ठेवू कायसाठी?”

आणि निघाली. चिंधूनं रजा टाकली, देवीदासनं मशीन वाकळेत गुंडाळली. दुर्गहून गोंदिया, तिथून छोट्या लाईनीनं सौंदड आणि पुढे बैलबंडी. मी दशम्या बांधून दिल्या आणि गुलाबरावानं गाडीत जागा धरून दिली. पुढचं मला देवीदासनं सांगितलं आणि त्यात मथुरानं जागोजागी दुरुस्ती केली.

बंडी गावात शिरली तेव्हा अर्धं गाव मागे लागलं होतं. चावडीत सतरंजी अंथरली, टेबल मांडलं, मशीन ठेवली. बायांनी तिला हळदकुंकू वाहिलं. देवीदासनं आधी छोटंसं भाषण केलं, खोकायचं नाही, वाहवा करायची नाही. मग रीळ चढवलं, वायर सोडली आणि प्लग हातात घेऊन भिंतीकडे गेला. या भिंतीवर काही नव्हतं, म्हणून त्या भिंतीकडे गेला. मग चावडीच्या बाहेर जाऊन वर पाहून आला. परत आला तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, असं मथुरा सांगायची.

गावात वीज नव्हती. नव्हतीच कधी. तिघंही तिथंच जन्मलेली, कंदिलाच्या काचा पुसत मोठी झालेली. पण भिलईच्या क्वार्टरमध्ये राहून त्यांच्या मनाला अशी सवय लागली होती की भिंत म्हटली म्हणजे तिच्यात बटण असायचंच. घरातून निघताना तिघांच्याही डोक्यात हे आलं नाही आणि दशम्या बांधणाऱ्या शहाणीच्याही आलं नाही. सारा गाव पोट धरून हसला. कोतवाल म्हणाला, भिलईवाले आले, इस्त्री घेऊन आले, कोळसाच विसरले.

सुखरामबुवा सगळ्यात मागे, चावडीच्या खांबाला टेकून उभे होते. ते हसले नाहीत. पुढे येऊन त्यांनी मशीनवरून हात फिरवला.

“माही चूक डब्यात भरून आनली का?” त्यांनी विचारलं. “बरं झालं, डबा मुका निंगाला.”

मथुरा कशीबशी म्हणाली, “चूक नाही बा त्याच्यात.”

“गायलं कोनं, मी का तू?”

एवढं विचारून ते घरी निघून गेले. आणि मथुराला तिथं खरं उत्तर देता आलं नाही. ती परत आल्यावर मी तिला चांगलंच झापलं. मशीन मुकी होती, तू तर नव्हतीस ना, तिथंच ओळ म्हणून दाखवायची होती. ती म्हणाली, कसं म्हणणार ताई, साऱ्या गावाचे डोळे होते. मग मला माझंच वाईट वाटलं. बसल्या जागी शहाणपण शिकवायला काय लागतं.

त्यानंतर ती गुणगुणायचीही थांबली. शेजारच्या घरातून नुसता भांड्यांचा आवाज यायचा. मी मुद्दाम चपला न घालता जाऊन पाहिलं, काही नाही. बाप तिकडे गप्प, लेक इकडे गप्प, आणि गाणं मात्र घरोघर वाजत होतं. मला तर त्या दिवसांत कोंबडावाली ऐकवेना.

पण लोकांनी वाटलेली गोष्ट कुठे जाईल याचा नेम नसतो. होळीच्या सुमारास बुवा गोंदियाच्या बाजाराला गेले होते. बैलांच्या घुंगरमाळेवरून दुकानदाराशी घासाघीस करत होते, तर मागून दोन माणसं आली आणि पायाच पडली. लोको शेडमधले फिटर होते. दर रविवारी इंजिनवाली ऐकायचे, त्यामुळे भाव पाडण्याच्या आवाजावरूनच त्यांनी शाहीर ओळखला. बुवांना वाटलं, थट्टा करायला आले. ते काढता पाय घेणार, तर त्यातला एक हात जोडून म्हणाला, बुवा, एवढं सांगा, तुमच्या गाण्यातली ती बाई कोण? शेडमध्ये पैज लागली आहे.

कोणती बाई, बुवांनी विचारलं. तेव्हा त्या फिटरनं भर बाजारात ती ओळ गाऊन दाखवली. तीच ओळ, जी बुवांना नागपुरात सापडली नव्हती. बुवांनी घुंगरमाळ तिथंच ठेवली, मोठ्या लाईनीच्या फलाटावर गेले आणि दुर्गचं तिकीट काढलं.

रविवारची दुपार होती. मी अंगणात पापड वाळत घालत होते. पांढऱ्या मिशांचा, काखेत छत्री धरलेला एक म्हातारा फाटकाशी आला आणि चिंधूचं घर विचारलं. आवाज ऐकताच माझ्या हातातला पापड मोडला. इतक्या वेळा ऐकलेला आवाज माणसाच्या तोंडून यावा याची माझी तयारीच नव्हती. मी त्यांना पोचवलं आणि तिथंच उभी राहिले, पापड कावळ्यांनी नेले तरी चालतील म्हटलं.

मथुरानं पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. छत्री कोपऱ्यात ठेवून जावयाकडे पाहिलं.

“माह्या गान्यात बाई कोनं घातली?”

चिंधूनं छताकडे पाहिलं. मथुरा स्वयंपाकघरात गेली. कढईत शंकरपाळे तळायला टाकलेले होते, ते ती नुसतीच झाऱ्यानं हलवत राहिली. मी देवीदासला बोलवायला धावले. एरवी साऱ्या जगाला दम देणारा देवीदास आला तो बुवांपुढे मांजर झाला. खालच्या आवाजात म्हणाला, मामाजी, आधी ऐकून घ्या, मग मला काय मारायचं ते मारा.

भिंतीत बटण होतं. प्लग लागला, रिळं फिरायला लागली.

बुवा मांडी घालून ताठ बसले. स्वतःचा आवाज त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकला असेल, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दोन गाणी झाली आणि चूलबंद भरली. दुसरी ओळ संपत आली तशी त्यांनी धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरला आणि डोळे मिटले, डॉक्टरानं सुई टोचताना मिटतात तसे. आणि तिथं ती आली. हाक मारू मी कोन्या नावानं. मग चौथी ओळ, मग शेवटचा डफ. देवीदासनं बटण बंद केलं. खोलीत नुसता कढईचा चुरचुर आवाज राहिला.

“परत लाव,” बुवा म्हणाले.

परत लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत आणि तिसऱ्या ओळीला त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. देवीदास तिसऱ्यांदा रीळ मागे फिरवायला लागला तर त्यांनी हात वर केला. बोलले ते मशीनकडे बघूनच.

“त्या ओळीत दम कुठं घ्यायचा, ते मी कोनालेच शिकवलं नाही. जवायालेबी नाही. गोठ्याच्या मांगं बसून आयकल्याबिगर ते येत नाही.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं की कुडाला कान लावून कोण बसायचं. त्यांनी कधी तिला हुसकावलं नव्हतं आणि कधी आत बोलावलंही नव्हतं. मला राग यावा की रडू यावं ते कळेना, आणि मला रडूच आलं. स्वयंपाकघरातला झारा थांबला होता.

“आता मशीन ऱ्हाऊ दे,” बुवा म्हणाले. देवीदासनं प्लगच काढून टाकला.

त्यांनी घसा खाकरला, मांडीवर थाप दिली आणि गायला सुरुवात केली. दिवाळीच्या आधीपासून न गायलेला गळा, पहिल्या ओळीला गंजल्यासारखा निघाला. चूलबंद भरली दोनी थडी. दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. पैल्या थडीले बांधली होडी. आणि बुवा थांबले.

मला वाटलं, पुन्हा विसरले. चिंधूलाही तेच वाटलं असणार, कारण जुन्या सवयीनं तो पुढे वाकला आणि ओळ सरकवायला त्यानं तोंड उघडलं. बुवांनी त्याच्याकडे न पाहताच हातानं त्याला थांबवलं. मांडीवरची थाप चालू होती. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते आणि वाट पाहत होते.

मथुरा दारात आली. तिनं झारा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि उंबरा ओलांडून बाहेर येऊन तिसरी ओळ गायली, शेजारपाजारच्या अंगणांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि तिला कोणीही गप्प बस म्हटलं नाही. देवीदासनंही नाही.